गोल जिन्याची पायरी कुठून मोजायची? डीएनएचं मोजमाप वेबवर कसं आलं

आजच्या विषयाचं नाव वाचून दोघातिघांनी मला आधीच विचारलं, की वेबपानाला कसला आलाय इतिहास? कुणीतरी बसलं, चार चौकटी आखल्या, खाली बटण लावलं, झालं. तर आज त्या चौकटींबद्दलच बोलायचं आहे. न्यूक्लिक आम्लांची, म्हणजे डीएनए आणि आरएनएची त्रिमितीय रचना मोजणारी सॉफ्टवेअर आहेत. पूर्वी ती फक्त जाणकारांच्या संगणकावर चालायची. आज तुम्ही ब्राउझर उघडता, एक चार अक्षरी संकेत टाकता, बटण दाबता, आणि समोर आकड्यांचा तक्ता येतो. पीळ किती अंश, पायरीची उंची किती अँगस्ट्रॉम, जोडी किती कललेली. हे आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत येतात, त्यामुळे ते देवाने दिल्यासारखे वाटतात. पण एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग, आणि तेवढं अंतर नेमकं कुठून कुठपर्यंत धरायचं हे आधी माणसांना ठरवावं लागलं होतं.

माझं म्हणणं असं आहे, की त्या वेबपानाच्या आराखड्यातला सगळ्यात अवघड भाग पान तयार होण्याच्या दहा वर्षं आधी पार पडला. तो पार पडला जपानमधल्या त्सुकुबा गावात, जानेवारी १९९९ मध्ये, आणि तिथे वेबचा विषयच नव्हता. तिथपर्यंत कसं पोचलो ते बघू.

सुरुवात सगळ्यांना ठाऊक आहे. १९५३, वॉटसन आणि क्रिक, त्यांच्यामागे रोझलिंड फ्रँकलिन यांची क्ष-किरण छायाचित्रं. त्या वेळी मोजलं काय होतं? डीएनएचे धागे. धाग्यात असंख्य रेणू शेजारी शेजारी असतात, आणि क्ष-किरण त्या सगळ्यांची मिळून सरासरी दाखवतात. म्हणून आकडे गोल आले: एका पूर्ण वेढ्यात दहा पायऱ्या, वेढ्याची उंची ३४ अँगस्ट्रॉम. म्हणजे प्रत्येक पायरीला ३६ अंश पीळ आणि ३.४ अँगस्ट्रॉम चढ. सगळ्या पायऱ्या सारख्या. सरासरी काढल्यावर दुसरं होणार काय?

आणि सरासरीवरून रेणूचं सगळं गुपित कळत नाही. १९७० च्या दशकात आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत व्ही. शशिशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळंच प्रतिरूप मांडलं होतं: दोन पेड एकमेकांत पूर्ण गुंतलेले नसून काही भाग उजव्या पिळाचा आणि काही डाव्या पिळाचा. त्याच सुमारास न्यूझीलंडमधूनही तसाच विचार आला. हे शशिशेखरन म्हणजे जी. एन. रामचंद्रन यांच्या १९६३ च्या सुप्रसिद्ध आलेखाचे सहलेखक. ते प्रतिरूप पुढे टिकलं नाही. पण दुहेरी गोफाचा शोध लागून वीस वर्षं झाल्यावरही असा प्रश्न गांभीर्याने विचारता येत होता, हे आपण विसरतो. धाग्यांची छायाचित्रं तेवढी बोलकी नव्हतीच.

मग स्फटिक आले. १९७९ मध्ये अँड्र्यू वांग, अलेक्झांडर रिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएच्या एका छोट्या तुकड्याची स्फटिकरचना अणूंच्या पातळीवर सोडवली, आणि निघाला तो चक्क डाव्या पिळाचा झेड-डीएनए! गंमत बघा, इतक्या बारकाईने डीएनए पहिल्यांदा दिसला तोच पाठ्यपुस्तकाच्या उलटा. पाठोपाठ होरेस ड्रू आणि रिचर्ड डिकरसन यांच्या गटाने बारा जोड्यांचा तुकडा सोडवला. सीजीसीजीएएटीटीसीजीसीजी हा त्याचा क्रम. तो नेहमीचा, उजव्या पिळाचा होता, पण त्यात प्रत्येक पायरी वेगळी निघाली. कुठे पीळ तीस अंशांच्या खाली, कुठे चाळीसच्या वर. आणि हा फरक बेसच्या क्रमाशी जोडलेला दिसत होता. म्हणजे डीएनएची अक्षरं वाचता येतात तशी ती आकारातूनही व्यक्त होतात, आणि एखादं प्रथिन तो आकार चाचपून आपली जागा ओळखत असेल. इथून मोजमापाला खरं महत्त्व आलं.

आता मोजायचं काय आणि कसं? गोल जिना डोळ्यासमोर आणा. डीएनएची प्रत्येक बेस-जोडी म्हणजे एक पायरी. खालच्या पायरीच्या तुलनेत वरची पायरी किती फिरली, तो पीळ. किती वर गेली, तो चढ. किती बाजूला सरकली, किती पुढे सरकली, या दोन सरकी. आणि कोणत्या बाजूला किती कलली, असे दोन कल. एकूण सहा आकडे. जोडीतले दोन बेस एकमेकांच्या तुलनेत कसे बसलेत, त्याचेही असेच सहा. उदाहरणार्थ, ते पंख्याच्या पात्यांसारखे उलटसुलट वळलेले असतात, त्याला इंग्रजीत नावच मुळी प्रोपेलर आहे.

नावं ठरवायलासुद्धा एक बैठक लागली. सप्टेंबर १९८८ मध्ये केंब्रिजला डीएनएच्या वाकण्याविषयी कार्यशाळा झाली. तिथे या सगळ्या राशींची नावं आणि अधिक-उणे चिन्हं ठरली. त्याआधी एकाच्या लेखातला कल दुसऱ्याच्या लेखात भलत्याच नावाने यायचा. पण केंब्रिजने एक गोष्ट मोकळी ठेवली: पायरीवर टेप नेमका कुठे लावायचा? गणिताच्या भाषेत सांगायचं तर संदर्भ-चौकटीचा आरंभबिंदू कुठे आणि अक्ष कोणत्या दिशेने धरायचे? ते प्रत्येकाने आपापल्या आज्ञावलीत ठरवलं.

आणि आज्ञावल्या बऱ्याच होत्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस निदान सात पद्धती वापरात होत्या. फ्रान्समधले रिचर्ड लॅव्हेरी आणि त्यांचे सहकारी हाइन्झ स्क्लेनार यांची 'कर्व्ह्ज'. डिकरसन यांची 'फ्रीहेलिक्स'. बंगळुरूहून मंजू बन्सल, धनंजय भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांची १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेली 'न्यूपार्म'. केंब्रिजहून अल हसन आणि कॅलडाइन यांची एक. हे कॅलडाइन मूळचे अभियंते, पातळ कवचांच्या बांधकामावर त्यांचं पुस्तक आहे. घुमट आणि टाक्यांचं गणित करणारा माणूस डीएनएकडे वळला, आणि मला वाटतं त्यामुळेच त्याला त्यात पायऱ्या दिसल्या. रसायनशास्त्रज्ञाला आधी बंध दिसतात.

आता समजा तुमच्याकडे एकच रचना आहे, अणूंचे तेच सहनिर्देशक आहेत, आणि तुम्ही त्या या सात पद्धतींना दिल्या. उत्तरं सारखी यायला हवीत ना? येत नव्हती. सरळसोट तुकड्यावर फरक थोडा असायचा. पण प्रथिनाने वाकवलेला डीएनए घेतला की गोंधळ. १९९३ मध्ये टाटा-पेटीला चिकटणाऱ्या प्रथिनाच्या रचना आल्या. ते प्रथिन खोगिरासारखं डीएनएवर बसतं आणि त्याला सुमारे ८० अंशांनी वाकवतं. अशा ठिकाणी एक आज्ञावली सांगणार की पायऱ्या खूप दूर गेल्यात, दुसरी म्हणणार की फारसं काही झालेलं नाही. संशोधक दोन लेख शेजारी ठेवून तुलना करणार आणि समजणार की दोन प्रथिनं डीएनएला वेगवेगळ्या तऱ्हेने ताणतात. प्रत्यक्षात वेगळी असायची ती टेप लावायची जागा.

ही गाठ सोडवली शियांग-जुन लू आणि विल्मा ओल्सन यांनी, अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात. १९९९ मध्ये त्यांनी साती पद्धती स्वतः पुन्हा लिहून काढल्या. नुसती उत्तरं तपासली नाहीत, तर प्रत्येकाचं गणित हाताने उतरवून घेतलं. आणि निष्कर्ष आला तो साधा होता. गणिताच्या पद्धतीमुळे पडणारा फरक मामुली. खरा फरक संदर्भ-चौकटीमुळे. सगळ्यांना एकच चौकट दिली की साती पद्धती जवळपास एकाच सुरात बोलतात.

हे का होतं, ते पुस्तकावरून समजेल. समोरचं पुस्तक अर्धवट उघडा. दोन पुठ्ठ्यांमधलं अंतर किती? कण्यापाशी मोजलं तर जवळजवळ शून्य, उघड्या कडेला मोजलं तर वीतभर. दोन्ही मापं खरी. पुस्तक मिटलेलं असेल तर हा प्रश्नच येत नाही, कुठेही मोजा. वाकलेला डीएनए म्हणजे उघडलेलं पुस्तक. हिशोबच करू या: दोन पायऱ्यांमध्ये २० अंशांचा कोन असेल आणि मोजायची जागा ३ अँगस्ट्रॉम बाजूला सरकवली, तर अंतर साधारण १ अँगस्ट्रॉमने बदलतं. मूळ चढच मुळी ३.४ चा! कडेला चौकट लावणाऱ्या आज्ञावल्या वाकलेल्या ठिकाणी चढ फुगवून सांगत होत्या, तो यामुळे.

जानेवारी १९९९ मध्ये त्सुकुबात जी कार्यशाळा झाली, तिथे वेगवेगळ्या आज्ञावल्यांशी संबंधित मंडळी एकत्र बसली आणि एका प्रमाण चौकटीवर आली. आदर्श वॉटसन-क्रिक जोडी घ्यायची, तिच्यावरून आरंभबिंदू आणि अक्ष ठरवायचे, आणि प्रत्यक्ष रचनेतल्या बेसवर तो आदर्श बेस शक्य तितका चपखल बसवायचा. २००१ मध्ये हा प्रस्ताव ओल्सन आणि सहकाऱ्यांच्या नावाने छापून आला. आपल्या आज्ञावलीतली वर्षानुवर्षांची सवय सोडून दुसऱ्याच्या बिंदूवर यायचं, हे वैज्ञानिकांना सोपं जात नाही. इथे ते बऱ्याच अंशी झालं. 'कर्व्ह्ज'ची २००९ ची नवी आवृत्तीही त्याच चौकटीवर आली.

वेबपानाशी याचा संबंध काय? क्षणभर कल्पना करा की १९९६ मध्ये कुणी मोजमापाचं वेबपान काढायला बसलं आहे. पहिलीच चौकट काय असती? 'कोणती पद्धत वापरू?' आणि खाली सात नावं. महाविद्यालयात शिकवणाऱ्या बाईंनी किंवा पहिल्या वर्षाच्या संशोधक विद्यार्थ्याने त्यातलं काय निवडायचं? त्सुकुबाने ती चौकटच पुसून टाकली.

इथे जरा वाट सोडून शेजारच्या गल्लीत जाऊ, कारण तिथे वेब आधी पोचलं होतं. रचना मोजणं वेगळं आणि रचनेचं भाकीत करणं वेगळं. आरएनएचा एकेरी पेड स्वतःवरच घडी घालतो. ती घडी नुसत्या क्रमावरून ओळखायची आज्ञावली मायकेल झुकर यांनी १९८१ मध्ये स्टीगलर यांच्यासोबत प्रसिद्ध केली होती. तिचं पुढचं रूप म्हणजे 'एमफोल्ड'. १९९५ च्या शरद ऋतूत ते सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून वेबवर आलं. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं होतं. डायल-अपवरून फोनचा आवाज करत जोडणी व्हायची, ते आठवत असेल काहींना. अशा जोडणीवरही हे पान चाललं असतं, कारण जायची ती काही शे अक्षरं आणि यायचं ते थोडंसं मजकुराचं उत्तर. जड हिशोब सगळा तिकडच्या संगणकावर. आपल्या संगणकावर आज्ञावली चढेल की नाही, कंपायलर मिळेल की नाही, ही कटकटच संपली. झुकर यांनीही नंतर वेबपानाचं मुख्य कारण हेच दिलं आहे.

एमफोल्डच्या पानाची मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. ते तुम्हाला एकच उत्तर देत नाही. सर्वांत कमी ऊर्जेची घडी दाखवतं, आणि तिच्या पाच टक्क्यांच्या आत येणाऱ्या इतर घड्याही दाखवतं. ते पाच टक्के चौकटीत लिहिलेले असतात, तुम्ही बदलू शकता. झुकर यांचं १९८९ चं काम याच दुय्यम घड्यांवर होतं. ऊर्जेचे आकडे प्रयोगातून येतात, त्यांत चूक असू शकते, तेव्हा पहिला क्रमांक हाच बरोबर असेल असं नाही, हे त्यांनी पानाच्या रचनेतच बसवलं. अनिश्चितता वापरणाऱ्याच्या नजरेसमोर राहिली.

परत आपल्या मोजमापाकडे येऊ. २००३ मध्ये लू आणि ओल्सन यांनी 'थ्रीडीएनए' हा संच प्रसिद्ध केला. तो काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालवायचा. एक आज्ञावली जोड्या शोधते, तिचं उत्तर दुसरीकडे ओतायचं, ती मोजते. ज्याला युनिक्स येतं त्याच्यासाठी एका ओळीचं काम. ज्याला येत नाही त्याच्यासाठी दार बंद. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये ज्यांना येत नाही असेच लोक जास्त होते. त्याच २००३ च्या जुलैत 'न्यूक्लिक अ‍ॅसिड्स रिसर्च' या नियतकालिकाने फक्त वेब-सर्व्हरांचा खास अंक सुरू केला. अट अशी, की पान सर्वांना खुलं हवं, लॉगिन मागायचं नाही. माझ्या मते या अटीने बरंच काही घडवलं. तोवर वेबपान हे संशोधनाचं उरलंसुरलं काम समजलं जायचं, आता त्यावर लेख छापून येऊ लागला. सहा वर्षांनी, २००९ च्या अशाच अंकात थ्रीडीएनएचं वेबरूप आलं: झेंग, लू आणि ओल्सन यांचं 'डब्ल्यूथ्रीडीएनए'.

अशा पानाचा आराखडा करताना काय काय समोर येतं ते बघा. पहिला प्रश्न, माणूस काय घेऊन येणार? काहींकडे स्वतःची फाइल असते, बाकीच्यांकडे प्रथिन-माहितीकोशातला संकेत. तो कोश १९७१ मध्ये सात रचनांवर सुरू झाला. न्यूक्लिक आम्लांसाठी वेगळा कोश १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रटगर्समध्येच हेलन बर्मन, ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभा केला. संकेत टाकला की फाइल आपोआप यावी, हे ठरलं. पण इथे एक खड्डा आहे. स्फटिकाच्या फाइलमध्ये कधी कधी रचनेचा निम्माच भाग असतो, कारण उरलेला निम्मा सममितीने मिळतो. दुहेरी गोफाचा एकच पेड फाइलमध्ये! विद्यार्थी संकेत टाकतो, पान म्हणतं 'जोड्या सापडल्या नाहीत', आणि तो गोंधळतो. आज्ञा टाइप करणाऱ्या जाणकाराला हे माहीत असायचं, तो आधी पूर्ण रचना तयार करून घ्यायचा. वेबपानावर येणाऱ्याला कोण सांगणार?

दुसरा खड्डा साध्या चिन्हाचा. जुन्या फाइलींत साखरेच्या अणूंच्या नावात तारा असायचा. २००७ च्या सुमारास कोशाची साफसफाई झाली, ताऱ्याच्या जागी टिंबासारखी उभी रेघ आली, आणि डीएनएच्या बेसचं नाव एक अक्षरी होतं ते दोन अक्षरी झालं. एवढ्याने कितीतरी जुनी सॉफ्टवेअर अडखळली. पानाने दोन्ही रूपं ओळखायला हवीत, कारण घरी आठ वर्षं पडून असलेली फाइल घेऊन कुणीतरी येणारच.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: जोडी कशाला म्हणायचं? थ्रीडीएनएत याचे निकष आहेत. दोन बेसच्या पातळ्यांमधलं उभं अंतर २.५ अँगस्ट्रॉमच्या आत हवं, कोन ६५ अंशांच्या आत हवा, शिवाय हायड्रोजन बंध हवा. हे आकडे अनुभवातून आलेले आहेत, आणि चांगले आहेत. पण ते कुणीतरी निवडलेले आहेत. नीटनेटक्या दुहेरी गोफात ते थोडे बदलले तरी काही बिघडत नाही. आरएनएच्या वेड्यावाकड्या घडीत मात्र एखादी जोडी यादीत येते की गळते, हे त्यांवर अवलंबून राहतं. संगणकावर संच बसवलेल्या माणसाला हे आकडे एका फाइलमध्ये लिहिलेले दिसतात, तो ती उघडून बदलू शकतो. वेबपानावर येणारा बहुतेकदा तक्ताच बघतो.

मग हे आकडे पानावर आणायचे की नाही? मी दोन्ही बाजू ऐकल्या आहेत. शिकवणारे म्हणतात, चौकटी जितक्या कमी तितकं बरं, वीस चौकटी बघून विद्यार्थी पान बंद करतो. संशोधक म्हणतात, लपवलेला आकडा हा मूग गिळून बसलेल्या साक्षीदारासारखा असतो. माझा कल एमफोल्डच्या बाजूने आहे. नेहमीचा आकडा भरून ठेवा, पण दिसेल असा ठेवा, आणि उत्तराच्या तक्त्यावर तो छापा.

डब्ल्यूथ्रीडीएनएने दुसऱ्या एका बाबतीत मात्र मोठी मजल मारली. मोजण्याबरोबर घडवणंही त्याने पानावर आणलं. तुम्ही क्रम द्या, आकडे द्या, ते अणूंसकट रचना उभी करतं. सहा आकडे मोजता येतात तसे उलट वापरून जिना बांधताही येतो. आणि चित्रं! प्रत्येक बेस म्हणजे एक चौकोनी ठोकळा, असं दाखवलं की कोणती पायरी कललीय ते आकडा न वाचताही कळतं. कॅलडाइन यांच्या पायऱ्या इथे अक्षरशः डोळ्यांना दिसतात.

२०११ मध्ये 'कर्व्ह्ज'चंही वेबपान आलं. चौकट तीच, पण त्यांचा भर वेगळा: पूर्ण तुकड्याचा वळणदार मध्य-अक्ष काढायचा आणि खाचांची रुंदी-खोली मोजायची. म्हणजे चौकटीवर एकमत झालं तरी जिन्याचा मधला खांब कसा धरायचा यावर दोन मतं राहिलीच. ती राहायला हवीत, कारण प्रश्न वेगळे आहेत.

नंतरची कथा बरीचशी देखभालीची आहे. कोशाच्या जुन्या फाइलीची ओळ ८० अक्षरांची, अणूंच्या क्रमांकाला पाच जागा, म्हणजे ९९,९९९ अणू झाले की जागा संपली. २००० मध्ये रायबोसोमच्या रचना आल्या तेव्हापासून ही पाटी अपुरी पडू लागली, आणि २०१४ पासून मोठ्या रचना नव्या स्वरूपात आल्या. ब्राउझरांनी जावा सोडलं, त्यामुळे फिरवून बघायची चित्रं पुन्हा लिहावी लागली. २०१९ मध्ये डब्ल्यूथ्रीडीएनएची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. असं काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण ते थांबलं की काही वर्षांत दुव्यावर टिचकी मारल्यावर कोरं पान येतं.

आता प्रश्नोत्तरांकडे वळण्याआधी एक काम देतो, आज रात्रीच करून बघा. वन-बीएनए हा संकेत लिहून घ्या. डिकरसन यांच्या त्याच बारा जोड्यांच्या तुकड्याचा तो संकेत आहे. तो डब्ल्यूथ्रीडीएनएवर टाका आणि 'कर्व्ह्ज'च्या पानावरही टाका. पीळ आणि चढाचे आकडे शेजारी शेजारी मांडा, ते जवळपास जुळतील. मग मध्य-अक्षाशी संबंधित आकडे मांडा. जिथे जुळणार नाहीत तिथे खूण करा, आणि दोन्ही पानांवर त्या राशीची व्याख्या शोधून वाचा. हं, विचारा आता.